आधी वाच, मग दाब

‘बिघडलंय’ हा शब्द बाईंच्या घरात चालायचा नाही. नळ बिघडला, पंखा बिघडला, मोबाईल हँग झाला, असं कुणी म्हणालं की त्या हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे बघत राहायच्या. “बिघडलंय हे तुझं मत झालं,” त्या म्हणायच्या. “दिसतंय काय ते सांग.” मग समोरच्याला सांगावं लागायचं, की नळ घट्ट बंद केला तरी थेंब पडतो, सकाळी जास्त पडतो, आणि दांडी थोडी वर ओढून धरली की थांबतो. एवढं सांगून होईपर्यंत निम्म्या वेळा त्याचं त्यालाच कळलेलं असायचं की वायसर गेलाय.

मी तीन वर्षं त्यांची भाडेकरू होते. नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आतल्या एका कॉलनीत त्यांचं छोटं घर होतं. खाली त्या एकट्या, वरच्या खोलीत मी. त्यांची सगळी नोकरी वीजकेंद्रांच्या कंट्रोल रूममध्ये गेली होती, ऑपरेटर म्हणून. वेगवेगळ्या गावी बदल्या झाल्या, शेवटची काही वर्षं एकलहऱ्याला काढली आणि तिथूनच रिटायर झाल्या. मी कळवणजवळच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. नाशिकला चित्रकला शिकले आणि इथंच राहून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले. चित्रं कागदावर नाही, लॅपटॉपवर काढते, असं मी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा बाईंनी विचारलं, “किती लोड असतो?” मी म्हणाले, “रोज आठ-दहा तास.” त्यांनी नुसती मान हलवली. त्या वॅट विचारत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

आधी मी त्यांना मावशी म्हणायचे. दोन दिवसांत त्यांनी ते बंद केलं. “मावशी म्हटलं की माणसं ऐकत नाहीत, नुसता चहा मागतात. बाई म्हण.”

त्यांच्या दाराशी एक लांबट रजिस्टर टांगलेलं असायचं. सकाळी सहाला पाण्याच्या टाकीची पातळी, विजेच्या मीटरचं रीडिंग, गॅसची टाकी कधी लावली ती तारीख, सगळं त्यात. घड्याळ चोवीस तासांचं. “चौदा वाजता ये,” म्हणायच्या. बाजारात जाताना नुसतं “येते गं” म्हणून निघणं त्यांना जमायचं नाही. मला खाली बोलावून घराचा चार्ज द्यायच्या. “टाकी पाऊण आहे. दूध तापवून झालंय. पोस्टमन येऊन गेला. शेजारच्यांची किल्ली आपल्याकडे आहे. पेंडिंग काही नाही.” मग मी रजिस्टरमध्ये सही करायची. आल्या की मी हाच पाढा उलटा म्हणायचा आणि त्यांनी सही करायची. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा त्या तीन दिवस लेकीकडे नागपूरला गेल्या तेव्हा रिकाम्या घरात मी रोज सहाला उठून टाकीचं रीडिंग लिहिलं, कुणी सांगितलेलं नसताना.

पाण्याची मोटर सुरू झाली की एक लांब स्क्रू ड्रायव्हर मोटरवर टेकवून त्याची मूठ कानाला लावायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. गल्लीतली माणसं थांबून बघायची. “बेअरिंग बोलायला लागलंय,” त्या म्हणायच्या. “अजून महिनाभर काढेल.” किती दिवस काढले तेही नंतर लिहून ठेवायच्या, आणि आपला अंदाज चुकला तर तो किती दिवसांनी चुकला, तेही.

अशा बाईंच्या वरच्या खोलीत मी चार महिने एक लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आले होते आणि त्यांना एका शब्दाने बोलले नव्हते. कारण एकच. त्यांना कंप्युटर वापरता येत नव्हता. घरात कंप्युटर नव्हता, मोबाईलही बटणांचा. त्या काय सांगणार, असं मला वाटायचं.

लॅपटॉप जुना, पण चित्रांच्या कामासाठी बनवलेला, दणकट. पहिलं वर्ष उत्तम चालला. मग एकाएकी मंद झाला. पुण्याच्या एका प्रकाशनाचं पुस्तक माझ्याकडे होतं, एका शेळीची गोष्ट. माझं पहिलं संपूर्ण पुस्तक. पानभर चित्रं, एकेका चित्रात साठ-सत्तर थर. मी शेळीचा कान काढायचे आणि कान दोन सेकंदांनी स्क्रीनवर उमटायचा. हात पुढे गेलेला, रेष मागे राहिलेली. डोंगराला हिरवा रंग द्यायला गेले की गोल गोल फिरणारं चक्र यायचं आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. अशाने रेषेतला जीव जातो. हात दबकत चालायला लागतो.

जे जे कुणी सांगितलं ते मी केलं होतं. फायली उडवल्या, मेमरी वाढवून घेतली, सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात दोनदा नेऊन दाखवला. गंमत म्हणजे दुकानात तो व्यवस्थित चालायचा. दुकानदार माझ्याच फाईलवर सरासर ब्रश फिरवून दाखवायचा. “मॅडम, चालतोय की! जुना झालाय म्हणून तुम्हाला वाटत असेल. नवीन घेऊन टाका.” घरी आणला की पुन्हा कान दोन सेकंदांनी.

मग प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला. त्या चांगल्या होत्या, त्यामुळे जास्त लागलं. “चित्रं सुंदर आहेत तुमची. पण वेग फार कमी आहे. चौदा चित्रं राहिलीत आणि हातात दहा दिवस. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी उरलेली दुसऱ्या कुणाकडून करून घेते.”

फोन ठेवून मी जिन्यात बसले. त्याच आठवड्यात वडील म्हणाले होते, “लय दमतीस तू. नाय जमत तर घरी ये, कुणी काय म्हणणार नाय.” ते प्रेमाने बोलले होते. पण मला खरंच वाटायला लागलं होतं, की लॅपटॉप बिपटॉप काही नाही, मीच हळू आहे. माझ्यातच तो दम नाही.

बाई खालून रजिस्टर घेऊन वर येत होत्या. माझा चेहरा बघून थांबल्या.

“काय झालं?”

“लॅपटॉप बिघडलाय,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. “दिसतंय काय ते सांग.”

मी सांगितलं. कान, डोंगर, चक्र, दुकान, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, “शेवटचं नीट कधी चाललं?”

“चार महिन्यांपूर्वी. म्हणजे, दुकानात परवाच नीट चालला.”

“मशीन तेच?”

“तेच.”

“फाईल तीच?”

“तीच.”

“मग दुकानात आणि इथं फरक काय आहे, तेवढंच शोधायचंय. चल.”

शनिवारची सकाळ होती. त्यांनी जुन्या लॉगबुकाचं एक कोरं पान काढलं आणि पट्टीने रकाने आखले. वेळ, जागा, हाताला किती गरम, पंख्याचा आवाज, रेष किती सेकंदांनी. तपासायचं कसं तेही ठरवलं: दर वेळी तीच फाईल उघडायची, तोच ब्रश घ्यायचा, शेळीच्या शिंगापासून शेपटीपर्यंत एकच रेष ओढायची. “आणि एका वेळी एकच बदल,” त्या म्हणाल्या. “तू मेमरी वाढवलीस आणि त्याच दिवशी सगळं पुसलंस. कशाने काय झालं हे कळणार कसं?”

आधी लॅपटॉप माझ्या गादीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवला. पंख्याचा आवाज कमी झाला, रेष तशीच. मग खोली बदलली. मग खालच्या स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. दर वेळी मी रेष ओढायची, बाईंनी घड्याळ बघायचं आणि आकडा लिहायचा. तळहाताची मागची बाजू लॅपटॉपच्या पाठीला लावून त्या म्हणाल्या, “हे दमलेलं नाही. गरम नाही, आवाज नाही. जोर लावतच नाहीये ते.”

पानावर आठ ओळी झाल्या. आठही ओळींत दोन सेकंद. मला रडू यायला लागलं होतं आणि बाईंच्या तोंडावर मात्र समाधान पसरत होतं. “या आठ गोष्टींमुळे होत नाही, एवढं कळलं,” त्या म्हणाल्या. “आता दुकानातलं सांग. तिथं गेलीस, पिशवीतून काय काय काढलंस?”

“लॅपटॉप.”

“आणि?”

“आणि काही नाही. चार्जर घरीच राहिला होता. दोन्ही वेळा त्यांनी त्यांचाच लावला.”

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “तुझा चार्जर आण.”

चार्जर माझा मूळचा नव्हता. मूळचा चार महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून फुटला होता आणि भावाने त्याच्या लॅपटॉपचा जुना पाठवला होता. मी सांगितलं, “पिन बरोबर बसते.”

“पिन बसली म्हणजे झालं?” त्यांनी भिंग आणलं. लॅपटॉप उलटा केला, खालच्या चिठ्ठीवरचे बारीक आकडे एका बोटाने एकेक करून वाचले, व्होल्ट आणि अँपिअरचा तोंडीच गुणाकार केला. “याला लागतात एकशेतीस वॅट.” मग चार्जरवरची चिठ्ठी. “हा देतो पासष्ट. बरोबर निम्मे. आता मला सांग, सुरू करताना हे मशीन काही बोलतं का?”

“एक इंग्रजी मेसेज येतो. मी एंटर दाबते, मग जातो.”

“काय लिहिलेलं असतं त्यात?”

रोज सकाळी, चार महिने, तो मेसेज मी बघत होते आणि त्यातला एक शब्द मला सांगता येईना.

“वाचलाच नाहीस,” बाई म्हणाल्या. त्या आवाज चढवत नसत, पण त्या वेळी तो चढला. “चार महिने अलार्म वाजतोय, आणि तू न वाचता बटण दाबतेस!” आणि उठून आत निघून गेल्या.

एवढं काय चिडायचं, असं मला वाटलं. जरा वेळाने त्या दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या. त्या दिवशी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला त्यांच्या नोकरीतली गोष्ट सांगितली.

पहिल्या नेमणुकीच्या गावची. कंट्रोल रूमच्या भिंतीवर छोट्या छोट्या काचेच्या खिडक्या असतात, प्रत्येकीवर काय चुकलं ते लिहिलेलं. काही बिनसलं की ती खिडकी लुकलुकते आणि भोंगा वाजतो. बटण दाबलं की भोंगा थांबतो. बटणाचा अर्थ एवढाच, की मी वाचलं. एका दुपारी एकदम सात-आठ खिडक्या लुकलुकल्या. नेहमीच्याच असतील म्हणून बाईंनी बटण दाबलं. त्यातली एक नेहमीची नव्हती. एका पंपाला तेल पोचत नव्हतं. पंप जळाला तेव्हा बाईंची शिफ्ट संपली होती आणि दुसरा माणूस खुर्चीवर होता. कुणाला इजा झाली नाही, पण वीज तयार करणारा अख्खा संच बंद पडला आणि दोष त्या माणसावर येणार होता.

“मी घरून परत गेले,” बाई म्हणाल्या. “लॉगबुक मागितलं आणि माझ्या हाताने लिहिलं. अलार्म माझ्या वेळेत आला, मी न वाचता दाबला. खाली सही केली.”

“मग?”

“मग काय. प्रमोशन तीन वर्षं थांबलं. तिथं मी एकटीच बाई होते. चार तोंडं बोललीच, बाईमाणूस बसवलं की हे व्हायचंच. म्हणून तर लिहिलं. चूक न वाचल्यामुळे झाली, बाई असल्यामुळे नाही. हे कागदावर राहायला हवं होतं.”

त्या दिवसापासून त्या प्रत्येक अलार्म मोठ्याने वाचायच्या आणि मगच बटण दाबायच्या. आधी सगळे टिंगल करायचे. वर्षभराने अख्खी शिफ्ट मोठ्याने वाचायला लागली.

चहा झाल्यावर आम्ही लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. मेसेज आला. मी एंटरवर बोट ठेवलं नाही. बाईंनी स्क्रीनवर बोट फिरवत, एकेक शब्द सुटा करत तो वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं, की लावलेला चार्जर कमी ताकदीचा आहे, त्यामुळे मशीन आपला वेग कमी करून चालेल.

मला हसावं की रडावं कळेना. “म्हणजे बाई, मी हळू नव्हते. मला ताकदच निम्मी मिळत होती.”

“मशीनचं मशीनला, तुझं तुला,” त्या म्हणाल्या. “स्वतःला चार्जर लावून घेऊ नकोस. चल, द्वारकेला जाऊ.”

रिक्षातून आम्ही गेलो, रजिस्टर बाईंच्या मांडीवर. द्वारकेच्या चौकातला भोंग्यांचा गोंधळ ऐकून त्या म्हणाल्या, “एवढे अलार्म आणि वाचणारा कुणी नाही.” दुकानदार त्यांना बघून म्हणाला, “या आजी, बसा.” बाई म्हणाल्या, “आजी नंतर. आधी एकशेतीसचा चार्जर दाखवा.” चिठ्ठी भिंगातून वाचूनच त्यांनी तो लावू दिला. आधी माझा चार्जर, एक रेष: दोन सेकंद. मग नवा चार्जर, तीच रेष.

रेष माझ्या हाताबरोबर आली. शिंगापासून शेपटीपर्यंत, एका दमात, जिवंत. बाईंनी घड्याळ बघितलं आणि रकान्यात शून्य लिहिलं. मग तो चार्जर काढून जुना लावायला लावला, पुन्हा दोन सेकंद, आणि पुन्हा नवा. “एकदा झालं तर योगायोग असेल,” त्या म्हणाल्या. दुकानदार ते पान हातात घेऊन बराच वेळ वाचत होता. भला माणूस. म्हणाला, “आजी, दोनदा आलं मशीन माझ्याकडे. तुमचा चार्जर कुठाय, एवढं मी विचारलंच नाही.” पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याच्या काउंटरवर पाटी होती: मशीनबरोबर आपला चार्जर आणावा.

चौदा चित्रं मी नऊ दिवसांत केली. संपादकबाईंचा फोन आला, “काय हो, काय जादू केलीत?” मी म्हणाले, “मेसेज वाचला.” त्यांना ते कळलं नाही.

त्यानंतर वर्षभर बाईंच्या ओट्यावर लोक लॅपटॉप घेऊन यायला लागले. दुकानदारच पाठवायचा. आर्किटेक्चरच्या मुली, लग्नाच्या अल्बमवाला, फ्लेक्स छापणारा. लॅपटॉप मी चालवायचा आणि प्रश्न बाईंनी विचारायचे. कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा आलेख मी त्यांना एकदा उघडून दाखवला तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्याच. “अगं, हे तर आमच्या कंट्रोल रूमचं पॅनेल आहे! एवढं आत असताना तुम्ही लोक बाहेरून थपडा कशाला मारता?” अल्बमवाल्याचं मशीन ठणठणीत निघालं, तो सगळे फोटो पेनड्राइव्हवरूनच उघडायचा, आणि तिथंच सगळं अडायचं. एका मुलीच्या लॅपटॉपमध्ये चित्रांसाठीची वेगळी चिप होती, पण सॉफ्टवेअर ती चिप वापरतच नव्हतं. एका सेटिंगचं काम. मुलगी पाया पडायला वाकली तर बाई मागे सरकल्या. “पाया पडू नकोस. काय केलं ते लिहून ठेव.”

एक मशीन मात्र त्यांना हरवून गेलं. तीन शनिवार बसलो, पाच पानं भरली, काही हाती लागलं नाही. त्या पानाच्या शेवटी बाईंनी ठळक अक्षरात लिहिलं, ‘कारण कळले नाही’, आणि नेहमीसारखीच सही केली. कुणी नवीन आलं की हेच पान आधी दाखवायच्या. मला तेव्हा त्याचं नवल वाटायचं. आता मी स्वतः चार मुलींना मशीन तपासायला शिकवते आणि तसं एक पान लिहिताना माझा हात अडखळतो, तेव्हा बाईंची उंची कळते.

आता त्या नागपूरला लेकीकडे असतात. जाताना मला घराचा चार्ज देऊन, माझी सही घेऊनच गाडीत बसल्या.

शेळीचं पुस्तक आलं तेव्हा नाशिकच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. त्या तेव्हा अजून इथंच होत्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माझे आईवडील त्यांच्या शेजारी. मी बोलायला उभी राहिले, आणि चित्रांबद्दल बोलायचं सोडून त्या शनिवारचीच गोष्ट सांगितली. म्हणाले, “हे पुस्तक पूर्ण झालं ते यांच्यामुळे,” आणि त्यांना उभं राहायची विनंती केली. त्या उभ्या राहिल्या, कुणीतरी हजेरी घेतल्यासारख्या ताठ.

मागून एका तरुणाने कौतुकाने विचारलं, “आजी, या वयात तुम्ही कंप्युटर कुठं शिकलात?”

“मला कंप्युटर येत नाही,” बाई म्हणाल्या. “मला वाचता येतं.”

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, आजी मिश्कील आहेत. बाई हसल्या नाहीत. हशा थांबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग, काही राहून गेलं असेल ते पूर्ण करावं तसं, म्हणाल्या, “माझ्या आईला येत नव्हतं. दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करून तिने मला शिकवलं. म्हणून मी समोर आलेलं न वाचता सोडत नाही.”

आणि खाली बसल्या.

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली मला स्टेजवरून दिसली. आपल्याच कार्यक्रमात आपणच टाळ्या वाजवू नयेत, हे मला कळत होतं. तरी पहिली टाळी माझी होती.